एकाच संगणकावर चार मेसेंजर: साइन-इनची भांडणं सोडवायची कशी

सकाळी संगणक सुरू करावा तर व्हॉट्सॲप क्यूआर कोड दाखवून बसलेलं, मायक्रोसॉफ्ट टीम्स भलत्याच खात्यात उघडलेलं, आणि टेलिग्राम जो कोड मागतंय तो एसएमएसमध्ये काही केल्या येत नाही. अशा वेळी पहिला हात 'अनइन्स्टॉल'कडे जातो. तो आवरा. साइन-इनचा घोळ सहसा ॲपच्या फाइलींमध्ये नसतो. तो चारपैकी एका जागी असतो: सर्व्हरवर असलेली तुमच्या उपकरणांची यादी, विंडोजने लक्षात ठेवलेलं खातं, ब्राउझरच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवायला साइटने साठवलेल्या छोट्या नोंदी), नाहीतर चक्क घड्याळ. ॲप काढून पुन्हा टाकलं तरी यातलं बहुतेक सगळं जागच्या जागी राहतं आणि घोळ नेमका कुठे होता याची खूण मात्र पुसली जाते.

पुढच्या पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० वर काही नावं थोडी इकडेतिकडे सापडतील.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- ज्या नंबरवर खाती आहेत ते सिम घातलेला, चार्ज केलेला फोन
- ऑफिसच्या खात्यासाठी लॉगिनचे कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप (ते जुन्याच फोनवर राहिलं असेल तर तो फोनही)
- टेलिग्रामचा टू-स्टेप पासवर्ड (कोडनंतर विचारला जाणारा), लावलेला असल्यास
- विंडोजच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड
- कागद-पेन, कारण कुठल्या ॲपमध्ये कुठला ईमेल किंवा नंबर आहे हे लिहून काढल्यावरच निम्मा गुंता दिसतो

१. आधी पडद्यावरचा संदेश वाचा

खिडकी बंद करण्याआधी त्या संदेशाचा फोनने फोटो काढा. संदेश ढोबळमानाने तीन जातींचे असतात.

'दुसऱ्या ठिकाणी उघडलं आहे', 'डिव्हाइस लॉग-आउट झालं', 'सेशन संपलं' अशा अर्थाचं काही असेल तर भांडण सर्व्हरवर आहे. तुमचीच दोन सत्रं एकमेकांना ढकलतायत, किंवा यादीतून तुमचा संगणक काढला गेलाय. 'चुकीचं खातं', 'परवानगी नाही', 'ॲडमिनशी संपर्क साधा' असं असेल तर संगणकाने चुकीची ओळख पुढे केली आहे. आणि काहीच न सांगता नुसतं चक्र फिरत असेल तर घड्याळ, इंटरनेट किंवा ऑफिसचं फायरवॉल बघा.

एक सोपी कसोटी सुरुवातीलाच करून घ्या. ब्राउझरची इन्कॉग्निटो किंवा इनप्रायव्हेट खिडकी उघडा आणि त्या सेवेच्या वेब आवृत्तीत साइन-इन करून पाहा. तिथे आत शिरता आलं तर खातं आणि पासवर्ड ठणठणीत आहेत, दुखणं या संगणकापुरतं आहे. तिथेही अडलं तर संगणकावर काही पुसत बसण्यात अर्थ नाही.

२. घड्याळ आणि टाइम झोन

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांमध्येच वैध असतात. संगणकाची तारीख मागे गेलेली असेल तर प्रमाणपत्र खोटं ठरतं आणि ॲप कारण न सांगता गप्प बसतं. ऑथेंटिकेटरचा सहा आकडी कोडही वेळेवरूनच बनतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. तिथे फोनचं घड्याळ चुकलेलं असेल तरी कोड नाकारला जातो.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'डेट अँड टाइम' उघडा. टाइम झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) +०५:३० आहे ना ते बघा आणि 'सिंक नाऊ' दाबा. खरा सापळा टाइम झोनचा आहे. झोन अमेरिकेचा राहिलेला असतो आणि कुणीतरी काटे हाताने फिरवून भारताची वेळ जुळवलेली असते. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर दिसतं, पण आतून संगणक बारा-तेरा तास चुकलेला असतो.

रोज सकाळी तारीख काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती ३ व्होल्टची सीआर २०३२ असते. घड्याळाच्या दुकानातही मिळते. आणि एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, एकातून दुसऱ्यात गेल्यावर वेळ बरोबर साडेपाच तास सरकत असेल, तर दोघं मदरबोर्डचं घड्याळ वेगवेगळ्या पद्धतीने वाचतायत. एक त्याला स्थानिक वेळ समजतं, दुसरं यूटीसी. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की हा खेळ थांबतो.

३. ॲप खरोखर बंद करा

कोपऱ्यातली फुली दाबली म्हणजे मेसेंजर बंद झाला असं नाही. टीम्स, टेलिग्राम, सिग्नल यांची चिन्हं घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये बसून राहू शकतात. चिन्हावर उजवी क्लिक करून 'क्विट' म्हणा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्या नावाची प्रक्रिया उरली नाही ना ते पाहा. चालू असलेल्या ॲपच्या फाइली पुसायला गेलात तर अर्ध्या पुसल्या जातात, अर्ध्या राहतात, आणि आधी नसलेला एक नवा बिघाड पदरात पडतो.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप ॲप्स' आहे. रोज न लागणारे मेसेंजर तिथून बंद करून ठेवा.

४. प्रत्येक खात्याला स्वतःचं ब्राउझर प्रोफाइल

घरचं जीमेल, ऑफिसचं गूगल वर्कस्पेस आणि दुकानाचं व्हॉट्सॲप एकाच ब्राउझर खिडकीत कोंबणं हे निम्म्या भांडणांचं मूळ. गूगलमध्ये जे खातं आधी साइन-इन केलं ते मुख्य ठरतं. गूगल चॅट किंवा मीटची लिंक उघडली की ती आधी त्याच खात्याने उघडू पाहते. मग 'प्रवेश नाही' असं दिसतं आणि माणूस उगाच सहकाऱ्याला 'मला ॲड कर' म्हणून सांगतो. तो म्हणतो, केलंय की!

क्रोममध्ये उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करा, नवं प्रोफाइल बनवा, त्याला नाव आणि वेगळा रंग द्या. एका प्रोफाइलच्या कुकीज दुसऱ्याला दिसत नाहीत, त्यामुळे दोन खाती आमनेसामने येतच नाहीत. एका प्रोफाइलमध्ये एकच ओळख, हा नियम मोडू नका. इन्कॉग्निटो हा त्याला पर्याय नव्हे, कारण ती खिडकी बंद केली की लॉगिन गेलं.

विंडोजसोबत येणाऱ्या एज ब्राउझरच्या बाबतीत एक सावधगिरी. विंडोजमध्ये ऑफिसचं खातं जोडलेलं असेल तर एज ती ओळख न विचारता पुढे करतो. घरच्या खात्यासाठी एजमध्ये वेगळं प्रोफाइल करा, किंवा त्या कामाला दुसरा ब्राउझर ठेवा.

५. व्हॉट्सॲप: टॅब, ॲप आणि फोन

व्हॉट्सॲप वेब एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये उघडलं की 'यूज हिअर' असा संदेश येतो. हा बिघाड नाही. हव्या त्या टॅबमध्ये बटण दाबा, दुसरी बंद करा.

रोज नव्याने क्यूआर मागितला जात असेल तर या क्रमाने बघा. ब्राउझरमध्ये 'बंद करताना साइटचा डेटा पुसा' हे चालू आहे का? एखादं सफाई करणारं सॉफ्टवेअर रोज रात्री कुकीज झाडून टाकतं का? या दोन्हींतून व्हॉट्सॲपला वगळावं लागतं. बऱ्याच घरांत आणि दुकानांत खरा चोर हाच सापडतो.

त्यानंतर फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. फोन सोडून चार उपकरणं जोडता येतात. संगणकावरचं ॲप एक, क्रोममधलं वेब दुसरं, एजमधलं वेब तिसरं, अशी मोजणी होते, संगणक एकच असला तरी. वरचेवर क्यूआर काढणाऱ्यांच्या यादीत जुन्या नोंदी साचून जागा भरते. 'शेवटची सक्रियता' जुनी असलेल्या नोंदी काढून टाका. फोन १४ दिवसांहून जास्त काळ बंद राहिला तर जोडलेली सगळी उपकरणं आपोआप सुटतात. लांबच्या प्रवासात जुना फोन कपाटात ठेवून जाणाऱ्यांना हे परत आल्यावर कळतं. नव्या फोनवर नंबर नोंदवला तरी संगणक पुन्हा जोडावा लागतो.

भारतात आणखी एक कारण ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना दिलेल्या निर्देशांत दोन गोष्टी होत्या: खातं चालू सिमशी बांधलेलं असावं आणि वेब आवृत्ती जास्तीत जास्त सहा तासांनी लॉग-आउट व्हावी. ठरावीक तासांनी सगळ्याच संगणकांवर क्यूआर येत असेल तर ब्राउझर उचकटण्याआधी हे आठवा. परदेशात राहून भारतातलाच नंबर चालवणाऱ्यांनी ते सिम बंद पडू देऊ नये.

दोन नंबर एकाच संगणकावर हवे असतील तर सर्वांत बिनघोर मार्ग म्हणजे चौथ्या पायरीतली दोन प्रोफाइलं, प्रत्येकात एक व्हॉट्सॲप वेब.

६. टेलिग्राम: कोड येतो, पण दुसरीकडे

टेलिग्राम एखाद्या उपकरणावर आधीच चालू असेल तर लॉगिन कोड सहसा एसएमएसने येत नाही. तो त्या उपकरणावरच्या टेलिग्राममध्ये, 'टेलिग्राम' नावाच्या अधिकृत चॅटमध्ये येतो. लोक एसएमएसची वाट बघत पुन्हापुन्हा कोड मागवतात आणि शेवटी 'खूप प्रयत्न झाले' म्हणून काही काळ अडकून पडतात. त्यापेक्षा फोनवरून क्यूआर स्कॅन करा, कोडची भानगडच नको.

हा कोड टेलिग्रामवरच कुणाला पाठवला तर तो बाद होतो. ती सोय फसवणूक रोखण्यासाठी केलेली आहे. घरातल्या माणसालाही कोड चॅटमध्ये पाठवू नका, फोनवर बोलून सांगा.

पोर्टेबल (इन्स्टॉल न करता फोल्डरमधूनच चालणारी) आवृत्ती वापरणाऱ्यांचा सापळा वेगळा. तिचं सगळं लॉगिन 'टीडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतं. तो फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर उतरवला की तिथे पासवर्डशिवाय खातं उघडतं, म्हणून सोयीचं वाटतं. पण मग दोन संगणक एकच गुप्त किल्ली वापरतात. दोन्हीकडून एकाच वेळी जोडणी झाल्याचं सर्व्हरला दिसलं की तो ती किल्ली रद्द करतो आणि दोन्हीकडे लॉग-आउट होतं. प्रत्येक संगणकावर वेगळं साइन-इन करा. तो फोल्डर कुणाच्या हाती लागला तर तुमचं खातंच त्याच्या हाती लागलं, हेही आहेच.

जुनी सत्रं काढायला 'डिव्हायसेस'मध्ये जा. नुकत्याच साइन-इन केलेल्या उपकरणावरून लगेच दुसऱ्यांना काढता येत नाही, २४ तास थांबावं लागतं. आधीपासून साइन-इन असलेल्या फोनवरून काढा. एकापेक्षा जास्त खाती असतील तर दुसरं टेलिग्राम बसवू नका. त्याच ॲपमध्ये तीन खाती राहतात.

७. टीम्स: घरचं खातं, ऑफिसचं खातं

इथे थोडा वेळ काढा, कारण गुंता खरोखर इथेच आहे. मायक्रोसॉफ्टची खाती दोन प्रकारची: वैयक्तिक, आणि कामाचं किंवा शाळेचं. एकच ईमेल पत्ता दोन्ही प्रकारांत नोंदलेला असू शकतो. मग साइन-इन करताना 'यातलं कोणतं?' असा प्रश्न येतो आणि घाईत चुकीचं निवडलं जातं. आत शिरल्यावर टीम रिकामी, चॅट रिकामी. डेटा गेलेला नसतो, तुम्ही शेजारच्या घरात शिरलेले असता. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झाल्यावर तेच खातं टीम्सच्या मोफत आवृत्तीत चालू लागलं, त्यामुळे स्काइपच्या जुन्या मंडळींची ही गल्लत जास्त होते.

आता क्रमाने:

अ) टीम्समध्ये उजवीकडे वर प्रोफाइल चित्रावर क्लिक करून साइन-आउट करा, मग ट्रेमधून क्विट.

आ) सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडा. 'ईमेल अँड अकाउंट्स' आणि 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' ही दोन्ही पानं बघा. जुन्या नोकरीचं किंवा मुलाच्या शाळेचं खातं तिथे राहिलेलं असतं आणि टीम्स तेच उचलतं. नको असलेलं काढा. संगणक ऑफिसने दिलेला असेल तर 'डिस्कनेक्ट'ला हात लावू नका. ज्या खात्याने तुम्ही विंडोजमध्ये शिरता तेच ते असू शकतं. तुटलं तर संगणकाच्याच दारात अडकाल. आयटी विभागाला सांगा.

इ) कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये 'विंडोज क्रेडेन्शियल्स' उघडा. नावात टीम्स किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिस असलेल्या जुन्या नोंदी काढा. बाकी कशालाही हात नको, शेअर केलेल्या प्रिंटरचा किंवा फोल्डरचा पासवर्डही तिथेच असतो.

ई) 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये टीम्सपुढचे तीन ठिपके, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आधी 'रिपेअर'. त्याने ॲपचा डेटा जात नाही. तरी जमलं नाही तरच 'रीसेट'.

उ) संगणक पुन्हा सुरू करा आणि साइन-इन करा. शेवटी विंडोज विचारतं की या उपकरणाचं व्यवस्थापन संस्थेला करू द्यायचं का. घरच्या संगणकावर खालची बारीक ओळ निवडा: 'नो, साइन इन टू धिस ॲप ओन्ली'. घाईत 'ओके' दाबलं की ऑफिसचं खातं सगळ्या विंडोजला चिकटतं आणि महिन्याभराने दुसरंच ॲप त्या खात्याने उघडू लागतं. वरच्या 'आ' पायरीत जे साफ केलं त्याची सुरुवात बहुधा याच बटणापाशी झालेली असते.

'ॲडमिनची मंजुरी हवी' असा संदेश आला तर तुमच्या बाजूने करण्यासारखं काही नाही. पहिल्या पायरीतला फोटो आयटीकडे पाठवा.

८. ऑफिसचा स्वतःचा चॅट सर्व्हर: स्पार्क, पिजिन

बऱ्याच कार्यालयांत आजही ओपनफायर हा स्वतःचा चॅट सर्व्हर आणि त्याला जोडायला संगणकांवर स्पार्क किंवा पिजिन हे ॲप असतं. याहू मेसेंजरच्या काळात सायबर कॅफेत लॉगिन केलं की घरचा संगणक बाहेर फेकला जायचा, ते आठवणाऱ्यांना इथला प्रकार ओळखीचा वाटेल.

या प्रणालीला एक्सएमपीपी म्हणतात. एकच खातं दोन संगणकांवर चालू शकतं, पण प्रत्येक जोडणीला 'रिसोर्स' नावाचं एक आडनाव लागतं. दोन्ही संगणकांवर आडनाव सारखंच असलं, समजा 'स्पार्क', तर सर्व्हरपुढे एकाच नावाची दोन माणसं उभी राहतात. बहुधा तो जुन्याला बाहेर काढतो. जुन्या संगणकावर आपोआप पुन्हा जोडणीचं बटण चालू असतं, म्हणून तो परत येऊन नव्याला ढकलतो. दर काही सेकंदांनी दोन्हीकडे लॉगिन-लॉगआउट चालू राहतं आणि लोक नेटवर्कला शिव्या घालतात.

पिजिनमध्ये खात्याच्या 'मॉडिफाय' खिडकीत 'रिसोर्स' हा रकाना आहे. तिथे 'काउंटर', 'घर' असं इंग्रजी अक्षरांत काहीतरी वेगळं लिहा. स्पार्कमध्ये लॉगिन खिडकीच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये संगणकाचं नाव रिसोर्स म्हणून वापरण्याची खूण आहे, ती करा. ओपनफायर तुमच्याच ताब्यात असेल तर ॲडमिन पानावर 'रिसोर्स पॉलिसी' बघा. जुन्याला नेहमी काढायचं, कधीच काढायचं नाही, की एक प्रयत्न माफ करायचा, हे तिथे ठरतं. 'कधीच नाही' ठेवलं तर एक गंमत होते: वीज जाऊन बंद पडलेल्या संगणकाची मेलेली जोडणी सर्व्हर काही वेळ जिवंत धरतो आणि तुम्हालाच आत घेत नाही.

दोन्हीकडे शिरलात आणि संदेश मात्र एकाच संगणकावर येतायत, तर 'प्रायॉरिटी' बघा. नुसत्या पत्त्यावर आलेला संदेश सहसा जास्त आकडा असलेल्या जोडणीकडे जातो.

९. सिग्नलमध्ये पुसण्याआधी थांबा

सिग्नलचा इतिहास संगणकावर स्वतंत्रपणे साठवलेला असतो. फोन बदलताना जुने संदेश हलवले नसतील तर ते फक्त या संगणकावरच उरलेले असतात. ॲपचा डेटा पुसला की ते कायमचे गेले. 'अनलिंक्ड' दिसलं तर काहीही न पुसता फोनवरून नुसतं पुन्हा लिंक करा, जुन्या चॅट राहतात. नव्या फोनवर नंबर नोंदवल्यावर, किंवा संगणकावरचं सिग्नल फार दिवस उघडलंच नाही तर, हे सुटणं अपेक्षितच असतं.

१०. यादीत अनोळखी उपकरण दिसलं तर

या सगळ्या तपासणीत कधीतरी आपलं नसलेलं उपकरण सापडतं. आधी ते लॉग-आउट करा, मग टू-स्टेप पिन किंवा पासवर्ड बदला, आणि मगच आपला संगणक पुन्हा जोडा. व्हॉट्सॲपमध्ये क्यूआरऐवजी आठ अक्षरांचा कोड टाकूनही उपकरण जोडता येतं. तो कोड तुमच्या स्वतःच्या संगणकाच्या पडद्यावर दिसायला हवा. दुसऱ्या कुणी पाठवलेला कोड तुमच्या फोनमध्ये टाकलात तर जोडला जातो तो त्याचा संगणक. तुमच्या नावाने कुणाकडे पैसे मागितले गेले असतील तर ओळखीच्यांना फोन करून सांगा, आणि कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांना लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावा.